दूध लागते तेव्हा : पृष्ठभागावरील प्रथिने आणि मराठी परिभाषा

शास्त्रीय परिभाषेची चर्चा मराठीत बहुधा शब्दांच्या अंगाने होत आली आहे. अमुक इंग्रजी संज्ञेला कोणता प्रतिशब्द द्यावा, तो संस्कृतातून घडवावा की बोलीतून उचलावा, की मूळचाच शब्द नागरीत लिहून मोकळे व्हावे, हे तिचे नेहमीचे प्रश्न होत. तो शब्द ज्या वाक्यात नांदावयाचा त्या वाक्याचा विचार मात्र मागे पडतो. ही उणीव कोठे विशेष जाणवते हे पाहावयाचे असेल, तर प्रथिने पृष्ठभागावर कशी वागतात हा विषय घ्यावा. दुग्धालयातील पोलादी यंत्रापासून रक्तवाहिनीत बसविलेल्या कृत्रिम नळीपर्यंत आणि हिवतापाच्या तपासणी-पट्टीपासून चुलीवरच्या पातेल्यापर्यंत त्याची व्याप्ती आहे. हा विषय मराठीत मांडताना वापरली जाणारी परिभाषा त्यातील घटना कितपत सांगते आणि कितपत झाकते, याची चिकित्सा येथे करावयाची आहे.

१

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. परंतु ती सुट्या दोरीसारखी पडून राहत नाही. ती एका ठराविक रीतीने घडी घालून बसते आणि तिचे सर्व कार्य त्या घडीवर अवलंबून असते. साखळीचे काही भाग पाण्याशी सलगी करतात, काही पाण्याला टाळतात. सामान्यतः टाळणारे भाग घडीच्या पोटात दडतात व सलगी करणारे बाहेर राहतात. असे प्रथिन पाण्यात सुखाने तरंगत असते, तोवर सर्व ठीक असते. पण जेथे पाणी संपते आणि हवा, तेल, धातू किंवा काच सुरू होते, त्या सीमेवर प्रथिन पोचले की पोटात दडलेल्या भागांना बाहेर येण्याची संधी मिळते. प्रथिन त्या सीमेला धरते, पुष्कळदा त्याची घडी उलगडते, आणि उलगडलेले प्रथिन शेजारच्या प्रथिनात गुंतते. थोडक्यात, पृष्ठभाग हा प्रथिनाच्या दृष्टीने निव्वळ जागा नसून एक प्रसंग आहे.

या अभ्यासाची परंपरा जुनी आहे. वॉल्टर रॅम्सडेन यांनी १९०३ च्या सुमारास प्रथिनांचे द्रावण नुसते हलविले तरी त्याच्या पृष्ठभागावर घन पापुद्रे तयार होतात हे दाखविले. पुढे अर्व्हिंग लँगम्यूर व कॅथरीन ब्लॉजेट यांनी अशा एक-रेणू जाडीच्या थरांचा सूक्ष्म अभ्यास केला. पृष्ठरसायनातील कार्यासाठी लँगम्यूर यांना १९३२ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. १९६२ मध्ये लिओ व्रोमान यांनी रक्तद्रवातील प्रथिने घन पृष्ठभागावर बसली की त्या पृष्ठभागाची ओली होण्याची प्रवृत्ती कशी पालटते याविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. व्रोमान हे रक्ताचे संशोधक तर होतेच, शिवाय डच भाषेतील मान्यवर कवीही होते, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

२

आता ही घटना सामान्य मराठी भाषकाच्या नजरेस कोठे पडते? ती दुधात पडते. यासाठी चिखलदऱ्याइतके सोयीचे स्थळ वऱ्हाडात दुसरे नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवरील हे गाव थंड हवेसाठी प्रसिद्ध आहे. पण त्याच्या भोवतालचा मुलूख गुरांचा आणि गवळ्यांचा आहे. शेजारच्या गाविलगडाचे नावही गवळ्यांवरूनच पडले असे परंपरा सांगते. पायथ्याच्या अचलपुराचे जुने नाव एलिचपूर. त्यावरून नागपुरी म्हशीला एलिचपुरी असेही म्हणतात. या मुलखात दूध तापविणे, विरजणे, घुसळणे आणि आटवून खवा करणे हे नित्याचे व्यवसाय आहेत, आणि त्या प्रत्येकासाठी भाषेत नेमकी क्रियापदे आहेत.

धार काढताना फेस येतो. तापवून ठेवलेल्या दुधावर साय धरते. आच जास्त झाली की दूध खाली लागते, आणि भांड्याच्या बुडाशी खरवड राहते. विरजण घातले की दही लागते. ताक घुसळले की लोणी येते. ही वाक्ये कोणत्याही मराठी घरात रोज बोलली जातात. रसायनाच्या दृष्टीने पाहता त्यातील प्रत्येक वाक्य एका वेगळ्या पृष्ठभागावरील प्रथिनाचे वर्तन सांगते.

फेस म्हणजे हवेचे बुडबुडे. त्यांच्या भोवती प्रथिनांचे आवरण पसरते म्हणून ते लगेच फुटत नाहीत. साय ही पुष्कळांना निव्वळ स्निग्धांश वाटते. निवलेल्या दुधाच्या जाड सायीत स्निग्धांश पुष्कळ असतो हे खरे. परंतु त्याला धरून ठेवणारा पापुद्रा प्रथिनांचा असतो. तापलेल्या दुधाचे पाणी वरून उडून जाते, तेथे प्रथिने दाटतात, एकमेकांत गुंततात आणि पडदा तयार होतो. झाकण ठेवले किंवा दूध ढवळत राहिले तर साय नीट धरत नाही, याचे कारण हेच.

दूध लागते तेव्हा प्रसंग धातूच्या पृष्ठभागावर घडतो. दुधातील बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या पुढे उलगडू लागते. त्याच्या घडीत दडलेला गंधकयुक्त गट उघडा पडतो. तो शेजारच्या प्रथिनांशी बंध जोडतो, आणि तापलेल्या धातूवर थरावर थर चढत जातो. चिखलदऱ्याच्या उंचीवर पाणी सुमारे ९६ अंशांना उकळते. म्हणजे डोंगरावर उकळबिंदू खाली आला तरी या प्रथिनाची सुटका होण्याइतका तो खाली येत नाही. खवा आटवणारा माणूस सराट्याने कढईचे बूड अखंड खरवडत असतो, तो हा थर बसू नये म्हणूनच. मोठ्या दुग्धालयांतील उष्णता-विनिमय यंत्रांच्या पोलादी पत्र्यांवर हाच थर बसतो आणि तो काढण्यासाठी यंत्रे वरचेवर थांबवून अल्कली व आम्लाने धुवावी लागतात. गवळ्याची कढई आणि कारखान्याचे यंत्र यांची अडचण एकच आहे.

दही लागते तेव्हा पृष्ठभाग बाहेरचा नसतो. तो प्रथिनांच्या स्वतःच्या गोळ्यांचा असतो. गाईच्या दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असते. केसीनचे सूक्ष्म गोळे दुधात तरंगत असतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर कप्पा-केसीनची केसाळ लव असते. या लवेमुळे ते परस्परांपासून दूर राहतात. विरजणातील जीवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात, आम्लता वाढते, लव मिटते आणि गोळे एकमेकांना लागत जाऊन त्यांचे जाळे बनते. लोण्याचीही कथा पृष्ठभागाचीच आहे. स्निग्धांशाच्या प्रत्येक थेंबाभोवती प्रथिने व फॉस्फोलिपिडे यांचे नाजूक पटल असते. घुसळताना, विशेषतः हवेच्या बुडबुड्यांच्या संपर्कात, ते फाटते; उघडे पडलेले थेंब एकत्र येतात आणि पटलाचा मोठा भाग ताकात उरतो.

३

येथे भाषिक दृष्टीने लक्षणीय बाब अशी की, दूध बुडाला धरले तरी मराठी माणूस 'लागले' म्हणतो आणि दही जमले तरी 'लागले' म्हणतो. पहिल्या प्रसंगी प्रथिन परक्या पृष्ठभागाला लागते, दुसऱ्या प्रसंगी आपल्यासारख्याच दुसऱ्या गोळ्याला. दोन्हींत संपर्क आणि संपर्कानंतरचे जखडणे समान आहे. 'धरणे' या क्रियापदाचेही तसेच. दुधावर साय धरते आणि जखमेवर खपली धरते. खपलीचा पाया फायब्रिन या प्रथिनाच्या जाळ्याचा असतो. द्रवाच्या मोकळ्या तोंडावर आतल्याच द्रव्याचा पडदा तयार होणे, हा या दोन प्रयोगांतील समान अर्थ होय.

अर्थात यावरून आपल्या पूर्वजांना प्रथिनांचे रसायन ठाऊक होते असा निष्कर्ष काढणे हास्यास्पद ठरेल. 'लागणे' हे मराठीतील अत्यंत अनेकार्थी क्रियापदांपैकी एक आहे. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, पैसे लागतात, वेडही लागते. तेव्हा या क्रियापदात रसायनाचे ज्ञान साठविलेले नाही. साठविलेले आहे ते निरीक्षण. कोणत्या प्रसंगी काय घडते, ते कोठे घडते आणि कर्ता कोण, हे व्यवहारातल्या वाक्याने अचूक टिपले आहे. सायीविषयीचा गैरसमज सांगतो की घरगुती भाषा कारण जाणत नाही; पण घटना ती चुकवीत नाही. शास्त्राला कारणाची भर घालावयाची आहे, घटना पुसावयाची नाही.

४

या पार्श्वभूमीवर प्रचलित परिभाषा तपासली पाहिजे. द्रव्य दुसऱ्याच्या आत शिरणे आणि ते दुसऱ्याच्या पृष्ठभागावर धरून राहणे, यांसाठी इंग्रजीत 'ॲब्सॉर्प्शन' व 'ॲड्सॉर्प्शन' असे केवळ एका वर्णाने भिन्न शब्द आहेत. भारतीय भाषांत त्यांसाठी 'शोषण' व 'अधिशोषण' ही जोडी रूढ झाली. 'पृष्ठशोषण' असाही शब्द आढळतो. उपसर्ग बदलून अर्थ बदलण्याची ही पद्धत अपरिचित नाही. डॉ. रघुवीर यांनी स्वातंत्र्याच्या आसपासच्या वर्षांत नागपुरात राहून परिभाषेचे जे प्रचंड कार्य केले, त्याचे तत्त्वच हे होते की संस्कृतातील उपसर्ग, धातू आणि प्रत्यय यांच्या जोडणीतून हवे तितके शब्द नियमबद्ध रीतीने सिद्ध करता येतात. १९६० मध्ये महाराष्ट्रात भाषा संचालनालय स्थापन झाल्यावर मराठीच्या परिभाषेलाही शासकीय अधिष्ठान मिळाले. या प्रयत्नांमुळे एक शिस्त आली, समान कुळातील संज्ञा समान रूपाच्या झाल्या, हे श्रेय निःसंशय दिले पाहिजे.

तथापि उपसर्गाचा अर्थ संस्कृत व्याकरणात काय आहे, यापेक्षा तो आजच्या वाचकाच्या कानाला काय सांगतो हा प्रश्न महत्त्वाचा आहे. 'अधि' म्हणजे 'वर' हे संस्कृतज्ञाला कळते. मराठी वाचकाला त्यात 'अधिक' ऐकू येते. 'शोषण' या शब्दाचा आज सर्वांत परिचित अर्थ पिळवणूक हा आहे. शेतकऱ्याचे शोषण, मजुराचे शोषण असे प्रयोग रोज वाचावयास मिळतात. परिणामी 'अधिशोषण' म्हणजे जास्तीची पिळवणूक असा समज विद्यार्थ्याने करून घेतला, तर दोष त्याचा नाही. 'पृष्ठशोषण' त्या मानाने सरस, कारण जागा त्यात स्पष्ट सांगितली आहे. पण 'शोषण' मधला आत ओढून घेण्याचा भाव तेथेही उरतोच, आणि जी घटना आत शिरण्याहून वेगळी म्हणून सांगावयाची तिच्यातच तो मिसळतो.

या दोन घटनांतील भेद गोठ्यात किती ठळक आहे, हे पाहण्याजोगे आहे. नुकत्याच व्यालेल्या म्हशीच्या चिकात प्रतिपिंडे विपुल असतात. वासराच्या जन्मानंतर साधारण पहिला एक दिवस त्याचे आतडे ही मोठी प्रथिने अखंड आत घेऊ शकते; ती रक्तात जातात आणि वासराचे रोगापासून रक्षण करतात. हे खरे शोषण होय. तोच चीक तापविला की त्यातील प्रथिने उलगडून सर्वभर जमतात आणि खरवस होतो. त्यातलाच काही भाग पातेल्याला लागतो, ते अधिशोषण. आत जाणे, जमणे आणि लागणे, असे तीन प्रकार एका भांड्याच्या आसपास पाहावयास मिळतात. भाषेजवळ तिन्ही क्रियापदे आहेत, तरी पाठ्यपुस्तकी गद्य त्यांतले एकही वापरत नाही.

'विकृतीकरण' या दुसऱ्या संज्ञेचा विचारही याच अंगाने केला पाहिजे. प्रथिनाची मूळ घडी मोडण्याला हा शब्द योजला जातो. शास्त्राच्या जुन्या भाषेत तो निर्दोष आहे. सांख्यांच्या परिभाषेत विकृती म्हणजे मूळ द्रव्याचे रूपांतर, आणि परिणामवादाचे सर्वपरिचित उदाहरण तर दुधाचे दही होणे हेच आहे. पण मधल्या काळात या शब्दाचा अर्थापकर्ष झाला. आज 'विकृत' म्हटले की रोगट, ओंगळ किंवा अनैतिक असा अर्थ प्रथम मनात येतो. साय, खरवस आणि दही ज्या समाजात आवडीने खाल्ले जाते, त्या समाजाला त्यातील प्रथिने विकृत झाली असे सांगणे म्हणजे शब्दाने पदार्थ नासविणे होय. प्रथिनाची 'घडी उलगडली' किंवा 'घडी मोडली' असे म्हटले तर अर्थ अचूक राहतो, आणि घडी हा शब्द मूळ कल्पनेच्याही अधिक जवळचा आहे.

तिसरा शब्द 'पृष्ठभाग'. पृष्ठभाग एका वस्तूचा असतो. येथे प्रश्न दोन वस्तूंच्या सीमेचा आहे. पाण्याचा पृष्ठभाग म्हटले की हवेचा विसर पडतो, भांड्याचा म्हटले की दुधाचा. गावाची शीव दोन्ही गावांची असते, तशी ही सीमा दोन्ही द्रव्यांची आहे. म्हणून नेमक्या विवेचनात 'सीमापृष्ठ' हा शब्द वापरणे सयुक्तिक ठरेल.

सर्वांत मोठा दोष मात्र सुट्या शब्दांत नाही; तो वाक्याच्या धाटणीत आहे. 'प्रथिनांचे घन पृष्ठभागावर अधिशोषण होऊन त्यांचे विकृतीकरण घडते' या धाटणीचे वाक्य घ्या. यात दोन भाववाचक नामे आहेत आणि त्यांना टेकू म्हणून 'होणे' व 'घडणे' ही दोन निस्तेज क्रियापदे. प्रथिन षष्ठीत गेले. म्हणजे ज्याने सर्व काही करावयाचे तोच केवळ संबंधी उरला. हेच 'प्रथिन भांड्याला लागते, तेथे त्याची घडी उलगडते आणि उलगडलेले प्रथिन शेजारच्याला धरते' असे लिहिले, तर क्रम, कर्ता आणि कारण ही तिन्ही उघड होतात. शास्त्रीयता यत्किंचितही कमी होत नाही. उलट आधीच्या वाक्यात गाळलेला शेवटचा टप्पा येथे आपोआप सांगावा लागतो.

५

यावर असा आक्षेप येईल की, घरगुती क्रियापदे दुधापुरती ठीक आहेत, पण आधुनिक शास्त्राच्या सूक्ष्म भागात ती तोकडी पडतील. आक्षेपात तथ्य आहे. व्रोमान यांच्या नावाने ओळखला जाणारा परिणामच घ्यावा. रक्त काचेसारख्या पृष्ठभागाला स्पर्श करते तेव्हा विपुल आणि चपळ असलेले अल्ब्युमिन आधी पोचून जागा व्यापते. नंतर संख्येने कमी पण त्या पृष्ठभागाशी अधिक घट्ट जुळणारी प्रथिने येतात आणि आधीच्यांना हुसकावून जागा घेतात. फायब्रिनोजेनलाही पुढे आपली जागा सोडावी लागते. कृत्रिम झडप, नळी किंवा रक्तशुद्धीचे यंत्र यांवर रक्त गोठेल की नाही, हे त्या पृष्ठभागावर कोणती प्रथिने कोणत्या स्थितीत बसली आहेत यावर पुष्कळसे ठरते. 'लागणे' या क्रियापदात ही अदलाबदल येत नाही. 'चिकटणे' तर सर्वथा चुकीचे. त्यात कायमपणा गृहीत धरलेला आहे. परंतु आक्षेपाचे उत्तर भाषेतच आहे. येणे, जागा धरणे, जागा सोडणे, हुसकावणे ही सर्व क्रियापदे मराठीच आहेत, आणि वरचे वर्णन त्यांच्याच आधारे झाले. 'अधिशोषण' या नामाने ते झाले नसते. नाव देण्यासाठी संज्ञा हवी, सूचीत आणि कोशात ती हवीच. हकीकत सांगण्याचे काम क्रियापदाचे आहे.

६

हा वाद केवळ शैलीचा आहे असे कोणी मानू नये. त्याचे व्यावहारिक परिणाम मेळघाटातच दिसतात. हिवतापाची शीघ्र तपासणी-पट्टी आज आशा कार्यकर्तीच्या हाती असते. त्या पट्टीत नायट्रोसेल्युलोजच्या पृष्ठभागावर प्रतिपिंडे, म्हणजे प्रथिनेच, एका रेघेत बसविलेली असतात. रक्ताचा थेंब पट्टीवरून सरकतो. त्यात हिवतापाच्या परोपजीवीचे प्रथिन असेल तर सुवर्णकण लावलेली प्रतिपिंडे त्याला धरतात आणि ती जोडी पट्टीवरच्या प्रतिपिंडांना अडकून तांबडी रेघ उमटते. प्रतिपिंडाची मोकळी टोके ज्या बाजूला आहेत तीच पृष्ठभागाकडे वळली, तर ते तेथे असूनही निरुपयोगी ठरते. अशा पट्ट्यांच्या उरलेल्या मोकळ्या जागेवर भलतीच प्रथिने बसू नयेत म्हणून ती आधीच निरुपद्रवी प्रथिनाने भरून टाकतात, आणि त्यासाठी अनेकदा दुधातले केसीनच वापरले जाते. गवळ्याच्या कढईत जे अडचण करते, ते येथे पहारा करते.

अशी पट्टी ठराविक तापमानापलीकडे ठेवू नये आणि तिचे पाकीट आधी फोडू नये अशी सूचना असते. वऱ्हाडच्या सपाटीवर उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. डोंगरावर पावसाळ्यात चिखलदरा दिवसचे दिवस धुक्यात बुडालेला असतो. उष्णता आणि दमटपणा दोन्ही पट्टीवरील प्रथिनांची घडी बिघडवतात. घडी बिघडली की हिवताप असूनही रेघ उमटेनाशी होण्याचा धोका असतो. 'विकृतीकरण टाळण्यासाठी शीत व शुष्क स्थळी साठवण करावी' हे वाक्य आज्ञा देते, पण समजूत देत नाही. 'या रेघेत दुधातल्यासारखीच प्रथिने बसविली आहेत. उन्हाने त्यांची घडी मोडते आणि मग ती आजाराला ओळखत नाहीत' असे सांगितले, तर सूचना पाळण्याचे कारण पाळणाऱ्याच्या हाती येते.

या मुलखात आणखी एक अट आहे. चिखलदरा तालुक्यातील कित्येक मुलांची मातृभाषा कोरकू आहे. ती आर्यकुलातील नसून मुंडा गटातील आहे. या मुलाच्या दृष्टीने मराठी हीच शिकून घेतलेली भाषा; तिच्यावर संस्कृत उपसर्गांचा तिसरा थर चढविला तर 'अधि' आणि 'वि' यांची पारदर्शकता कोणाच्या उपयोगी पडणार? त्याने दूध तापताना पाहिलेले असते आणि 'लागले' हा शब्द बाजारात, शाळेत, शेजारात ऐकलेला असतो. ज्ञानाचा प्रवेश याच दाराने होऊ शकतो. उपसर्गसिद्ध संज्ञा नंतर, नावाची पाटी म्हणून, खुशाल शिकवावी.

परिभाषाकारांपुढे यातून एक साधी कसोटी उभी राहते. कोणतीही नवी संज्ञा मान्य करण्यापूर्वी तिच्यासह तीन वाक्ये लिहून पाहावीत : एकात घटना सांगावी, दुसऱ्यात कारण आणि तिसऱ्यात सावधगिरीची सूचना. तिन्ही वाक्यांत कर्ता जागेवर राहिला आणि क्रियापद जिवंत राहिले, तर संज्ञा टिकेल. 'अधिशोषण' या कसोटीला एकटे उतरत नाही. 'लागणे', 'धरणे' व 'घडी उलगडणे' यांच्या सोबतीने ते उतरू शकेल. वऱ्हाडाला हा मार्ग नवीन नाही. याच अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात महानुभावांनी गहन तत्त्वविचार लोकांच्या बोलीत मांडला, आणि त्यामुळे तत्त्वविचार उथळ झाला असे कोणी म्हटलेले नाही. प्रथिनांच्या शास्त्रालाही चुलीजवळच्या वाक्यापासून भय बाळगण्याचे कारण नाही.